हराळी लावणारा माणूस

शेषराव आप्पांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "साहेब, तुमच्या घराला मागून दार हाय का?"

मी तेव्हा बदनापूरला भाड्याच्या घरात सामान उतरवत होतो. जालन्याच्या एका कॉलेजात मी कारकून. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं, म्हणून स्टेशनाजवळच्या नव्या प्लॉटिंगमध्ये घर धरलेलं. शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवरून पांढरा रुमाल बांधलेलं एक डोकं वर आलं आणि नाव-गाव न विचारता त्यानं थेट दाराची चौकशी केली. मागून दार नाही, असं मी सांगितलं. डोकं काळजीत पडलं.

"मंग पाडून घ्या एक. पुढून काही आलं तर मागून निघता आलं पाह्यजे."

"काय येणार आहे?"

"ते आल्यावर कळतं," आप्पा म्हणाले आणि खाली गेले. मी हसलो. झोपताना मात्र पुढच्या दाराची कडी दोनदा पाहिली.

आप्पांइतका मन लावून भिणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. भित्रा तर मीही आहे, पण माझी भीती आळशी, पांघरूण घेऊन पडून राहणारी. आप्पांची भीती कामसू होती. ते चप्पल झटकल्याशिवाय पायात घालत नसत. पाऊल टाकण्याआधी काठीनं पुढची जमीन ठोकत. रेल्वे फाटक सताड उघडं असलं तरी सायकलवरून उतरून दोन्हीकडं बघत. भाकरीचा प्रत्येक घास उलटापालटा करून पाहत, आणि खडा नाही, केस नाही, किडा नाही अशी खात्री झाली की मगच तोंडात घालत. त्यांच्या पंगतीला बसलं की आपलं ताट धुऊन व्हायचं आणि त्यांची पहिली भाकरी अर्ध्यावर असायची. दाराची कडी लावली की मोठ्यानं म्हणायचे, "लावली बरं." कुणाला सांगत होते देव जाणे.

मी एकदा चिडवलं, "आप्पा, एवढं भिऊन माणूस जगतो कसा?"

"भिणाराच जगतो साहेब. न भिणारे समदे आमच्या गावच्या मसणवट्यात हायेत."

त्यांचं गाव तीर्थपुरीकडचं. जन्म बैलांमागं गेला. मुलगा सतीश नोकरीला हॉलंडला गेला. जाण्याआधी त्यानं हे घर बांधलं, शेत बटईनं लावलं आणि आईवडलांना इथं आणून बसवलं. दवाखाना जवळ, रेल्वे जवळ, हे त्याचं गणित. घर बांधताना आप्पांनी एकच हट्ट केला होता, मागच्या दाराचा. तो सतीशनं पुरवला.

त्यांच्या बायकोला, गयाबाई काकूंना, विसरायचा आजार होता. मी राहायला गेलो तेव्हा त्या माणसं विसरत चालल्या होत्या, पण हात काही विसरले नव्हते. काकूंनी उभा जन्म निंदणी केली होती, स्वतःच्या रानात आणि लोकांच्याही. सकाळ झाली की त्या पदर खोचायच्या, खुरपं घ्यायच्या आणि निघायच्या. एकदा त्या रुळाच्या कडेकडेनं जालन्याच्या दिशेनं चालत जाताना सापडल्या. त्या दिवसापासून आप्पांनी अंगणाच्या फाटकाला कुलूप लावलं. मग काकू फाटक धरून हलवायच्या आणि रडायच्या. "मुकादम हाजरी मांडनार न्हाई, सोडा मला." त्यांचं ते रडणं माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं आणि हातातला घास हातात राहायचा.

तेव्हा आप्पांनी एक काम केलं ज्यानं अख्खी कॉलनी हसली. त्यांनी अंगणात हराळी लावली.

हराळी म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. एकदा रानात शिरली की पिढ्यान् पिढ्या निघत नाही असं हे गवत. नांगरा, खणा, जाळा, एक कांडी राहिली तरी पुन्हा हिरवी. आप्पांनी आयुष्यभर तिच्याशी वैर केलं होतं. आणि आता तेच आप्पा पोत्यानं हराळीच्या कांड्या आणून, पाणी घालून, घराच्या पुढं लावत होते. समोरचे निवृत्त तलाठी म्हणाले, "आप्पा, आता गाजरगवत कधी लावता?"

पण ते गवत वाढलं आणि काकू त्यात जाऊन बसल्या. दिवसभर खुरपत राहिल्या. एका कोपऱ्यातलं उपटावं तोवर दुसरा कोपरा हिरवा. काम कधी संपणार नव्हतं आणि म्हणून त्या कुठं जाणार नव्हत्या. संध्याकाळी त्या उठायच्या आणि आप्पांना विचारायच्या, "मुकादम, हाजरी लागली का?"

"लागली," आप्पा म्हणायचे.

मला ते ऐकून कसंतरी व्हायचं. आप्पांना मी तसं बोललोही. ते म्हणाले, "लगीन झाल्यापासून तिनं मला कधी हाक मारली न्हाई साहेब. आमच्यात पद्धतच नव्हती. आता मुकादम म्हणती. म्हणू द्या. हाक तं मारती."

पहिला पावसाळा सरता सरता हराळी पोटरीएवढी झाली. काकूंचा हात कोपऱ्याकोपऱ्यात फिरायचा आणि बाकी अंगण माजायचं. आप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी वाकायला आणि उकिडवं बसायला मनाई केलेली. एवढ्याशा गवतासाठी मजूर कोण येतो? मग एका सकाळी मी गाडीला निघालो असताना आप्पांचा आवाज ऐकला. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"गयाबाई, सुट्टी झाली. उठा. पाणी प्या इकडं येऊन."

मी भिंतीवरून पाहिलं. काकू गवतात बसल्या होत्या आणि त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर फुरसं होतं, वेटोळं करून. आप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर काकू दचकल्या असत्या. ते मुकादमाच्या आवाजात त्यांना नावानं बोलावत राहिले. काकू सावकाश उठल्या, पदर झटकला, चालत ओट्यावर आल्या. फुरसं गवतात शिरलं आणि दिसेनासं झालं. मग आप्पा भिंतीला टेकले. माझी गाडी त्या दिवशी चुकली.

त्यांनी सतीशला फोन करून सांगितलं. पुढच्या महिन्यात त्यानं पाठवलेलं गवत कापायचं मशीन आलं.

पुण्याहून एक माणूस ते बसवायला आला. रविवार होता, म्हणून मीही तिथं होतो. पालथ्या घातलेल्या घमेल्याएवढं यंत्र. त्या माणसानं अंगणाच्या कडेनं जमिनीत तार पुरली, ओट्याजवळ चार्जिंगची पेटी ठोकली आणि सांगितलं की आता हे आपलं आपण फिरणार, गवत कापणार, दमलं की पेटीत येऊन उभं राहणार. आप्पा चार हात लांब उभे होते.

"हे कुनाचं ऐकतं?"

"मोबाइलचं, काका."

"मोबाइल कुनाचा?"

"तुमच्या मुलाचा. त्यांनी तिकडून वेळ लावून दिली आहे."

"आन् इथं काही झालं तर?"

"वर हे लाल बटन आहे. दाबलं की थांबतं. पण गवतात माणूस असताना चालवायचं नाही, आणि खाली हात घालायचा नाही. मोठं काही आडवं आलं तर ते धडकून वळतं."

आप्पा घरात गेले आणि भोपळा घेऊन आले. तो त्यांनी मशीनच्या वाटेत ठेवला. मशीन आलं, भोपळ्याला टेकलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि वळून गेलं. मी टाळी वाजवली. आप्पा हलले नाहीत. ते कोपऱ्यातल्या शेवग्याकडं गेले, एक शेंग तोडली, तिचे बोटाएवढे तुकडे केले आणि गवतात टाकले. मशीन त्यावरून गेलं. काहीच आवाज झाला नाही. आप्पांनी काठीनं गवत सारलं. तुकड्यांचे तुकडे झाले होते.

"मोठ्याला मान देतंय," आप्पा म्हणाले, "बारक्याला कापतंय."

त्या संध्याकाळभर ते काकूंच्या बोटांकडं बघत बसले होते.

मशीन बंद ठेवलं असतं तर झालं असतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बंद ठेवलं की गवत वाढणार, आणि त्या गवतात कुठंतरी ते फुरसं होतं. आप्पांच्या एका बाजूला साप होता आणि दुसऱ्या बाजूला मशीनची पाती. त्यांनी बराच विचार करून पातीची बाजू घेतली, कारण तिला वेळ लावून देता येत होती. जेवल्यावर काकू झोपायच्या, दोन ते तीन. तेवढाच तास मशीन चालायचं. त्या तासात आप्पा पुढच्या दारात लोखंडी खुर्ची आडवी टाकून बसत, म्हणजे काकू उठल्या तरी त्यांना ओलांडून जाता येऊ नये. तीन वाजता मशीन पेटीत गेलं की लाल बटन दाबून यायचे आणि मगच पाणी प्यायचे.

सुट्टीच्या दिवशी मी तो पहारा पाहत असे. आप्पा मशीनकडं कधी पाठ करत नसत. त्यांना कमी ऐकू यायचं आणि मशीनचा आवाज तर डासाएवढा. "मुकं हाय ते," आप्पा म्हणायचे. "साप तरी फुसकारतो. बैल आला तर ध्यानात येतं. हे येतं कधी, जातं कधी, कळून नाही राह्यलं. तिच्या मागून आलं तर तिला काय समजंल?"

त्यांनी माझ्यात एवढी भीती भरली होती की दोन वाजले की मीही आपसूक भिंतीशी जाऊन उभा राहू लागलो.

मग पुढच्या वर्षीचा पोळा आला. बैल विकून वर्षं झाली होती, पण शेवटच्या बैलाची, हौशाची, घुंगुरमाळ आप्पांनी खुंटीला जपून ठेवली होती. पोळ्याच्या सकाळी मी पाहतो तर आप्पा मशीनला हळदकुंकू लावत होते आणि ती माळ त्याच्या पाठीवरून आवळून बांधत होते.

"सण करून राह्यले का आप्पा मशीनचा?" मी त्यांच्याच बोलीत चिडवलं.

"सण न्हाई. आवाज करून राह्यलो." त्यांचा चेहरा कधी नव्हे तो मोकळा दिसत होता. "आता वाजत फिरंल. रस्त्यानं घुंगरू वाजलं की माणूस बाजूला होतं का न्हाई? बराबर होतं. ती उठली, भाईर आली, तर तिला लांबूनच ऐकू जाईल. मलाबी."

मी म्हणालो, "आप्पा, अक्कल तुमची. त्या पुण्याच्या माणसाला हे सुचलं नसतं." ती शाबासकी मी आजही परत घेऊ शकत नाही.

आठवडाभर मशीन छुमछुम करत अंगणात फिरलं. कॉलनीतली माणसं बघायला येऊन गेली. सतीशनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि पोट धरून हसला. आप्पाही हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

पुढच्या रविवारी दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. खाली घुंगरू वाजत होतं. आप्पा खुर्चीत होते, जागे, डोळे मशीनवर. सगळं रोजच्यासारखं होतं. मग मला मागच्या दाराची कडी वाजल्याचा आवाज आला.

काकू घराच्या बाजूनं वळून अंगणात आल्या. पायांत काही नव्हतं. चेहरा असा की मला क्षणभर त्या तरुणच वाटल्या. त्यांनी वाकून मूठभर हराळी उपटली आणि शेवग्याखाली, जिथून माळेचा आवाज येत होता तिथं, उकिडव्या बसल्या. हात पुढं केला. गवताची मूठ जमिनीला टेकलेली.

"ये हौशा," त्या म्हणाल्या. "ये बाबा. लई दिसानी आलास."

आवाज ऐकून बाजूला होणारी माणसं वेगळी. काकूंच्या घरी तो आवाज वाजला की बैल रानातून परत आलेला असायचा, आणि त्या हातात काहीतरी घेऊन सामोऱ्या जायच्या. हे आप्पांना ठाऊक होतं. जन्मभर तेच तर बैलामागून येत होते. पण भीतीच्या नादात ते विसरले होते.

मशीन वळलं आणि सरळ त्यांच्याकडं निघालं. मला ओरडायचं होतं. ओला शर्ट हातात धरून मी उभा राहिलो, एवढंच मी केलं.

आप्पांना त्या माझ्याबरोबरच दिसल्या. खुर्ची उलथली. काठी ओट्यावर राहिली, चपला पायरीवर राहिल्या. ज्या माणसानं काठीनं ठोकल्याशिवाय जमिनीवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं तो माणूस अनवाणी, न बघता, त्या गवतातून धावला. लाल बटनाला हात पोचण्याइतकाही वेळ नव्हता. त्यांनी काकूंची मूठ आणि मशीन यांच्यामध्ये आपला डावा पाय घातला.

मशीन पायावर चढलं, तिरपं झालं आणि थांबलं. घुंगरूही थांबलं. मी खाली कसा पोचलो आठवत नाही. हराळीवर रक्त होतं आणि काकू रागावल्या होत्या.

"मुकादम, बैलाला लाथ मारता? मुकं जनावर हाय ते."

"चुकलं माझं," आप्पा म्हणाले.

मी माझ्या ओल्या शर्टानं त्यांचा पाय बांधला आणि रिक्षा आणली. जालन्याला पोचेपर्यंत आप्पांनी पायाकडं एकदाही पाहिलं नाही. काकूंचा हात मांडीवर घेऊन ते एकेक बोट उघडून बघत होते, पुन्हा मिटवत होते आणि पुन्हा उघडत होते. काकूंनी गवताची मूठ सोडली नव्हती. मध्येच आप्पांनी मला विचारलं, "मागचं दार लावलं का?"

डाव्या पायाच्या दोन बोटांची टोकं गेली. फोनवर सतीश रडला, मीच पाठवलं म्हणाला. आप्पांनी त्याला समजावलं, "तुझी चूक न्हाई. ते मुकं होतं तवर काही झालं न्हाई. घुंगरू म्या बांधलं." फोन ठेवून माझ्याकडं वळले. "समद्याचं भेव धरलं साहेब. माझ्या अकलेचं न्हाई धरलं."

मशीन पोत्यात घालून माळ्यावर गेलं. त्यानंतर दर रविवारी मी विळा घेऊन हराळी कापू लागलो. आप्पा माझ्या पुढं लंगडत चालत, काठीनं गवत झोडपत, आणि मी विळा टाकण्याआधी म्हणत, "हं, आता." आमच्या दोघांच्या भीतीनं मिळून ते अंगण बरंच साफ ठेवलं.

वर्षानं मी जालन्यातच घर घेतलं. निघायच्या दिवशी, सामान टेम्पोत चढवत असताना, भिंतीपलीकडून छुम असा आवाज आला. माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. मशीन पुन्हा काढलं, एवढंच डोक्यात आलं. मी भिंतीकडं धावलो.

आप्पा अंगणात चालत होते. हौशाची माळ त्यांनी आपल्या कमरेला बांधली होती. लंगडताना ती एका पावलाला जोरात वाजायची, दुसऱ्याला हळू. मागून काकू येत होत्या.

मला बघून आप्पा थांबले. लाजले असावेत. "आता मुकादम म्हणून बोलावलं तर येत न्हाई साहेब. परवा फाटक उघडं राह्यलं, रुळाकडं गेल्ती. पार रेल्वेच्या फाटकापाशी सापडली. पन हे वाजलं की माझ्या मागं येती. घर सोडून जात न्हाई."

मला एकच दिसत होतं. उद्या आप्पाच थांबले, तर काकू कुठल्या आवाजामागं जातील? आप्पांनाही तेच दिसत असणार. त्यांच्या इतक्या वर्षांच्या भीतीत ही एक भीती त्यांनी मला कधी सांगितली नव्हती, आणि त्या दिवशीही सांगितली नाही.

ते एवढंच म्हणाले, "नव्या घराला मागून दार हाय का बघा. असलं तर त्याला भाईरूनबी कडी लावून घ्या."

टेम्पो सुरू झाला. वळणावर मी मागं पाहिलं. काकूंनी आप्पांना गाठलं होतं आणि हराळीची मूठ त्यांच्या तोंडाशी धरली होती. आप्पांनी रस्त्याकडं पाहिलं, मी गेलो असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी काकूंच्या हातातलं गवत घेतलं, एकेक काडी उलटीपालटी करून नीट पाहिली, आणि मग तोंडात घातली.